रिकामं भांडं परत करत नाहीत

सिंकमधल्या कोमट पाण्यावर दोन चिकटपट्ट्या तरंगत होत्या. एकीवर जाड शाईत ‘टेश’ लिहिलं होतं, दुसरीवर ‘ओलिन’. खाली साबणाच्या फेसात हिरव्या काचेची दोन भांडी निवांत पडली होती. कुठली पट्टी कुठल्या भांड्याच्या बुडावरून सुटून आली, हे सांगायला त्या खोलीत डेल हॉगस्टॅडशिवाय दुसरं कोणी नव्हतं. आणि डेलला ते माहीत नव्हतं.

बरं, भांडी तरी वेगळी असावीत की नाही? दोन्ही लांबट, दोन्हींना दोन कान, दोन्हींवर द्राक्षवेलीची नक्षी. त्याला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या मंदीच्या दिवसांत सोमवारी सिनेमाला काळं कुत्रं फिरकेना, म्हणून टॅमरॅक फॉल्सच्या थिएटरवाल्याने तिकिटामागे काचेचं एक भांडं फुकट द्यायला सुरुवात केली होती. पडद्यावर काय चाललंय याच्याशी बायकांना देणंघेणं नव्हतं, त्या भांड्यासाठी जायच्या. त्यामुळे गावातल्या साठी ओलांडलेल्या निम्म्या बायकांच्या फडताळात हेच भांडं होतं, आणि म्हणूनच प्रत्येकीने बुडाला नावाची पट्टी चिकटवलेली होती. डेलने एका रात्रीचा वाळलेला बटाटा सुटावा म्हणून दोन्ही भांडी एकत्र भिजत घातली आणि सकाळी हा देखावा पाहिला.

डेल तेव्हा तेवीस वर्षांचा होता. टॅमरॅक फॉल्सच्या विद्यापीठात तो अमेरिकेचा आर्थिक आणि सामाजिक इतिहास शिकत होता. आता या नावातल्या ‘आणि’बद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्या ‘आणि’च्या एका बाजूला स्ट्राउडसर होते आणि दुसऱ्या बाजूला कॉफ्लिनबाई. सर आर्थिकवाले. गव्हाचे भाव, मजुरी, रेल्वेचं भाडं, सगळं ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून तळघरातल्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरला खाऊ घालायचे. बाई सामाजिकवाल्या. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवा आणि गप्प बसा, देश आपोआप बोलायला लागतो. फार पूर्वी म्हणे दोघं एकाच किटलीतली कॉफी प्यायचे. पुढे कशावरून तरी बिनसलं. कशावरून, ते विभागात कोणालाच आठवत नव्हतं, बहुधा त्या दोघांनाही नाही. खोल्या शेजारी-शेजारी, पण निरोप विद्यार्थ्यांमार्फत जायचे.

आणि डेलला दोघांचाही होकार हवा होता. विभागाची जुनी रीत होती. ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात सुगीचं जेवण व्हायचं, ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा, ज्या गावकऱ्यांनी आठवणी सांगितल्या त्यांनाही बोलवायचं, आणि जेवता-जेवता प्रत्येक विद्यार्थ्याने आपला विषय उभं राहून सांगायचा. दोन्ही माना हलल्या तर पुढचं वर्ष तुमचं. एक जरी हलली नाही तरी घरचा रस्ता. डेलच्या घरच्या रस्त्याच्या शेवटी काकाचा गोठा होता. काकाने धारा काढायचं एक नवं तिवईचं स्टूल करून ठेवलंय, असं आईने दोनदा कळवलं होतं.

डेलचा विषय होता मंदीतला तो हिवाळा, ज्या हिवाळ्यात गावातला मटार डबाबंद करायचा कारखाना बंद पडला. शेजाऱ्यांनी एकमेकांना कसं जगवलं, ते त्याला लिहायचं होतं. त्या कारखान्यात शेंगा निवडायच्या फिरत्या पट्ट्यावर शेजारी-शेजारी उभ्या राहिलेल्या दोन बाया अजून हयात होत्या. व्हर्ना टेश आणि आर्डिस ओलिन. एल्म स्ट्रीटवर समोरासमोर राहायच्या. दोघींनी त्याला कारखान्यातली गाणी सांगितली, मुकादमाच्या नकला करून दाखवल्या. पण गाडी त्या हिवाळ्यापाशी आली की दोघीही खिडकीबाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, “तू अजून थोडं घे.” थोडं घेऊन उरलेलं भांड्यासकट हातात दिलं जायचं. एकीचं नाव दुसरीपुढे काढलं, तर घरातला दिवा गेल्यासारखं व्हायचं.

डेलने आईला फोन लावला.

“आई, समज, दोन भांडी आहेत—”

“पट्ट्या भिजवल्यास ना?” आई म्हणाली. आयांना फोनमधून सिंक दिसतं.

“चुकून.”

“तुझ्या बापाने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हाच पराक्रम केला होता. कोणाची आहेत?”

“टेशबाई आणि ओलिनबाई. समोरासमोर राहतात, पण बोलत नाहीत एकमेकींशी.”

“मग विचारायला जाऊ नकोस. ‘तुमचं भांडं ओळखा’ म्हणून तिचं भांडं हिच्यापुढे नेशील आणि मार खाशील. घालून काय देणार आहेस?”

“घालून?”

आई म्हणाली, “डेल, माझा मुलगा रिकामं भांडं घेऊन कोणाच्या दारात उभा राहिला असं माझ्या कानावर आलं ना, तर सणाला घरी यायची तसदी घेऊ नकोस.”

घालायला काय आहे हे शोधायला डेलला लांब जावं लागलं नाही. त्या गावात घराला कोणी कुलूप लावत नसे, पण सुगीच्या दिवसांत गाडीला मात्र न विसरता लावत. चोरीची भीती नव्हती. उघडी गाडी दिसली की लोक तिच्यात झुकिनी ठेवून पळून जात. दोन वेल लावले तरी पाच घरांना पुरून उरणारी ही भाजी, नको म्हटलं तरी वाढते, आणि टाकून द्यायला मन धजत नाही. डेलच्या गाडीचं कुलूप मोडकं होतं. मागच्या सीटवर तीन झुकिन्या पहुडल्या होत्या. दोन किसून त्याने आईने फोनवर सांगितले तसे दोन केक केले. तिसरी हाताएवढी लांब, मानेत वाकडी आणि पाठीवर जखमेचा वण असलेली होती. तिला किसायची त्याची छाती झाली नाही. ती त्याने विभागाच्या आवारात पहिल्या उघड्या गाडीत सरकवली. गाडी स्ट्राउडसरांची होती. या गाडीत चोरण्याजोगं काही नाही, तेव्हा कुलपाचा खर्च फुकट, असं त्यांचं अर्थशास्त्र होतं.

मग तो रिकामी भांडी घेऊन सरांकडेच गेला. सर टेबलाशी बसून कार्डांच्या गठ्ठ्यांना रबर लावत होते. रबरं एका निळ्या बशीवजा भांड्यात भरलेली असायची, ते भांडं कित्येक वर्षं त्याच फळीवर होतं. सरांनी दोन्ही हिरवी भांडी उजेडात धरली, भिंग काढलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मोजता येण्यासारखं काही हाती आलं की तो उजळायचा.

“या एकाला ओरखडे जास्त आहेत. म्हणजे वापर जास्त. टेशांकडे मुलं किती होती?”

“पाच.”

“ओलिनांकडे?”

“एक.”

“मग झालं तर. ओरखडेवालं टेशांचं. हे गणित आहे डेल, यात भावनेचा प्रश्न येत नाही. आणि हे शेजारी कळवलंस तरी माझी हरकत नाही.”

शेजारी कॉफ्लिनबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ऐकून घेतलं. “भांड्याला कसलं विचारतोस? बाईला विचार.”

“बाईला विचारता येत नाही हीच तर अडचण आहे.”

“मग तुझं नशीब,” बाई म्हणाल्या. “पण पाच पोरांच्या घरात काचेचं भांडं रोज खाली काढतं कोण, हे त्या गणितीला विचार.”

हे त्याला पटलं होतं. पण सरांकडे भिंग होतं, आणि भिंगापुढे तेवीस वर्षांच्या माणसाचं काही चालत नाही. ओरखडेवालं भांडं त्याने टेशबाईंचं ठरवलं आणि दोन्ही भांड्यांत एकेक केक ठेवला.

टेशबाईंनी दार उघडलं, केक बघून हसल्या, आणि आत जाऊन सवयीने भांड्याच्या कानाखाली बोट फिरवलं. बोट थांबलं. त्यांच्या भांड्याच्या काचेत कानापाशी हवेचा एक बुडबुडा होता. या भांड्यात तो नव्हता. त्यांनी भांडं उचलून बूड पाहिलं, मग खिडकीतून समोरच्या घराकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसल्या.

“म्हणजे राग गेला म्हणायचा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“कोणाचा राग?” डेलने विचारलं. त्याला वाटलं, पट्टी गेल्याचं कळलं.

“काही नाही रे. केक कोणी केला? तू?”

“हो.”

“हं. तिचे हात दुखतात हल्ली, ऐकलं होतं मी.” त्यांनी डोळे पुसले आणि डेलच्या पुढ्यात सफरचंद भरून भाजलेला अख्खा ॲपल पाय ठेवला. “खा. सगळा खा.”

पट्टीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणजे सुटलो, असं समजून डेल पोट सांभाळत रस्ता ओलांडून ओलिनबाईंकडे गेला. त्यांनीही भांड्याला हात लावला. त्यांचंही बोट कानापाशी थांबलं. पण त्यांच्या चेहऱ्याचा रंग वेगळाच झाला.

“हे कुठून आणलंस?”

“मी आत्ता समोरूनच येतोय,” डेल म्हणाला. आणि हे खरंच होतं.

“समोरून.” ओलिनबाईंनी भांडं ओट्यावर ठेवलं, जरा जोरातच. “त्या सोमवारी रांगेत मी तिच्या मागेच उभी होते. हा बुडबुडा मला झोपेतही ओळखू येईल. एक ठेवलंस ना, मग दुसरंही ठेव, असं म्हणायचंय तर तिला. एवढ्या वर्षांनी. तेही परक्या पोराच्या हातून.”

“ओलिनबाई, मला वाटतं माझी थोडी—”

“तू मध्ये पडू नकोस. उद्या ये.”

आता डेलच्या डोक्यात उजेड पडला की भांडी उलटीसुलटी गेली. पण एकीने ॲपल पाय खाऊ घातला होता आणि दुसरीने दार लावलं होतं, हे मात्र त्याला उलगडेना. दुसऱ्या दिवशी तो खरं सांगायचं ठरवूनच गेला. ओलिनबाईंनी तोंड उघडू न देता बुडबुडावालं भांडं त्याच्या हातात दिलं. ते काठोकाठ भरलेलं होतं. किसलेला तिखट मुळा. झाकण उचललं तरी नाकातोंडातून पाणी यावं असा.

“नेऊन दे तिला. म्हणावं, आमच्या घरात भांड्यांची ददात नाही.”

“एवढा मुळा?”

“मग काय, रिकामं पाठवू? मला काही रीतभात आहे.”

तो मुळा घेऊन डेल टेशबाईंच्या दारात उभा राहिला आणि निरोप न देता भांडं तेवढं पुढे केलं. टेशबाईंनी झाकण उचललं, वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आता हे मुळ्याचं की मनाचं, हे कळायला मार्ग नव्हता.

“तिला आठवतंय,” त्या म्हणाल्या. “कारखान्यात डबा सोडला की मी आधी मुळा खायची. सगळ्या हसायच्या मला. तिच्या लक्षात आहे बघ.” लगेच त्यांनी खसखशीचा केक करायला घेतला, आणि तो समोर पोचवायचं काम अर्थातच डेलकडे आलं. केक पाहून ओलिनबाई पुन्हा तापल्या. त्यांची कवळी नवी होती. “खसखस! दाण्यादाण्याला कवळी काढावी लागावी म्हणून.” बदला म्हणून आंबट कोबी निघाला. टेशबाईंना तो आपल्या नवऱ्याच्या हातच्यासारखा वाटला, त्या दोन दिवस नुसत्या त्याच आठवणीत. त्यांनी उलट मांसाचे गोळे पाठवले. एक बाई सूड घेत होती, दुसरी मैत्री करत होती, आणि दोघींचा स्वयंपाक एकच माणूस वाहत होता. प्रत्येक फेरीला दोन्ही घरी त्याला चाखायला लागायचं. डेलचा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि प्रबंधाचं घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

विभागात मात्र या फेऱ्यांची वार्ता पसरली. सरांनी त्याला बोलावून कोरी कार्डं दिली. “पदार्थ, वजन, दिशा. प्रत्येक फेरी नोंदव. ही देवाणघेवाण आहे, तिचा कल मोजता येईल.” बाईंनी बोलावून सांगितलं, “कार्डं फेक. झाकण उचलताना तिचा चेहरा कसा होतो, ते लिही.” आणि मग दोघांनीही, एकमेकांना ऐकू जावं अशा बेताने, विचारलं, “शेजारी काय म्हणणं आहे?”

डेलने किती वेळा सांगायचा प्रयत्न केला. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एकदा लागली की ते बाहेर काढणं जड जातं. टेशबाईंना सांगावं तर त्यांचा फुललेला चेहरा समोर यायचा. ओलिनबाईंना सांगावं तर दारच लागायचं. शेवटी सुगीचं जेवण आलं. रिवाजाप्रमाणे दोघींनाही बोलावणं गेलं होतं, आणि दुसरी येणार हे त्याने एकीलाही सांगितलं नव्हतं. तेवढी अक्कल होती त्याला, किंवा नव्हती म्हणा.

चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडली होती. कॉफीच्या मोठ्या पिंपाचा वास, ओल्या कोटांचा वास, आणि सगळीकडे झाकलेली भांडी. डेल आज सत्तरीच्या घरात आहे, पण तो वास कुठे आला की त्याला अजून ते तळघर आठवतं. टेशबाई आधी आल्या होत्या. त्यांनी ओरखडेवालं भांडं आणलं होतं, बटाट्याच्या कापांनी भरून. ओलिनबाई मागून आल्या, हातात एक जड कापडी पिशवी. टेशबाईंनी त्यांना पाहिलं, उठल्या, आणि अख्ख्या गावासमोर चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

“आर्डिस, भांडं पोचलं गं. मुळाही.”

ओलिनबाई जागच्या जागी थांबल्या. “पोचणारच. तू माझ्या तोंडावर भांडं मारलंस, मग मी काय गप्प बसू?”

“मी मारलं? अगं, तूच पाठवलंस ना माझं भांडं परत? त्या हिवाळ्यातलं?”

“मी कुठे पाठवलं?”

दोघींनी मिळून डेलकडे पाहिलं. टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्या सरांनी आणि बाईंनीही पाहिलं. डेलने हातातली बशी खाली ठेवली. विषय सांगायची वेळ अशी येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“पट्ट्या सुटल्या,” तो म्हणाला. “दोन्ही भांडी एकत्र भिजवली मी. मग ओरखडे मोजले. कोणीच काही पाठवलं नव्हतं. दोन्ही केक माझेच होते.”

“ओरखडे?” ओलिनबाई म्हणाल्या. “ओरखडे माझ्याच भांड्याला असणार. माझं स्वतःचं एवढंच एक होतं, चर्चच्या प्रत्येक जेवणाला तेच यायचं. हिचं तर फडताळात शोभेला. पाच पोरं होती, कोण काढेल खाली?”

स्ट्राउडसरांनी चष्मा पुसायला घेतला. कॉफ्लिनबाईंनी स्वतःला आणखी एक पाव वाढून घेतला.

टेशबाई हळूहळू खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. “म्हणजे तू पाठवलंच नव्हतंस. राग गेलाच नव्हता तुझा.”

“माझा राग? कसला राग?”

“मी त्या हिवाळ्यात जेवण पाठवलं म्हणून. तुझ्या नवऱ्याचं काम गेलेलं, आणि मी आपलं भांडं भरून पाठवलं. मला वाटलं, तुला ती भीक वाटली. तू भांडंही परत आणलं नाहीस, रस्त्यात मान वळवायला लागलीस. म्हणून मग मी परत काही पाठवलं नाही. म्हटलं, आणखी दुखवायला नको.”

ओलिनबाईंनी पिशवीत हात घातला आणि टेबलावर आणखी एक भांडं ठेवलं. हिरवी काच, तीच वेल. एवढ्या वर्षांत न वापरल्यामुळे काच नवीच्या नवी राहिली होती. बुडाला जुनी, पिवळी पडलेली पट्टी होती आणि तिच्यावर टेशबाईंचंच अक्षर होतं.

“हे आज सगळ्यांसमोर तुझ्यापुढे आपटणार होते मी,” त्या म्हणाल्या. “चोर म्हणतेस ना, घे तुझं, असं म्हणणार होते. पण सकाळी हातात घेतलं आणि...” त्यांनी झाकण काढलं. आत मटार घातलेला गरम रस्सा होता. “रिकामं आपटता येईना. मग भरलं.”

तिने रस्सा टेशबाईंच्या पुढ्यात सरकवला.

“तेव्हाही रिकामंच होतं व्हर्ना. कारखाना बंद. फडताळात मीठ होतं, आणि दुसरं काय होतं, आठवतही नाही. तू पाठवलंस ते आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्लं. मग भांडं घासून ठेवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात काहीतरी घालून देईन. पुढच्या महिन्यात देईन. वसंतात कारखाना सुरू झाला तेव्हा इतका उशीर झाला होता की कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर येऊ?”

“अगं वेडे,” टेशबाई म्हणाल्या. “मला भांडं हवं होतं का? मला तू हवी होतीस.”

मग त्यांनी चमचा घेतला, मटाराचा रस्सा चाखला, आणि डोळे पुसत म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

“तेव्हा घरात मीठ तेवढंच होतं, तेव्हापासून जपून घालायची सवय लागलीय,” ओलिनबाई म्हणाल्या, आणि दोघी अशा हसायला लागल्या की हसू थांबेना. डेलने पुढे होऊन त्या हिवाळ्याबद्दल काही विचारावं म्हटलं, तर टेशबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं. “तू नंतर रे. आमचं चाळीस वर्षांचं राहिलंय.” त्या रात्री त्या शेवटपर्यंत बोलत होत्या, आणि पुढे कधीही डेलला दोघींचा एकत्र अर्धा तास मिळाला नाही. त्यांना वेळच नसायचा.

त्याला उभं राहून विषय सांगायचा होता तो सांगितला. शेजाऱ्यांनी एकमेकांना काय दिलं, एवढाच विषय होता आधी. आता त्याने जोडलं, आणि जे लाजेमुळे देता आलं नाही तेही. कॉफ्लिनबाईंची मान लगेच हलली. स्ट्राउडसरांनी ताट बाजूला सरकवलं.

“एका उदाहरणावर सिद्धांत उभा राहत नाही,” ते म्हणाले. मग हळूच, “परत न केलेली भांडी कार्डावर कुठल्या रकान्यात घालणार आहेस?”

“ते मला अजून कळलं नाही, सर.”

“मलाही नाही,” सर म्हणाले. मान हलली की नाही हे डेलला नीट दिसलं नाही. सर ॲपल पाय न खाताच उठून गेले, आणि ॲपल पायला ते कधीही नाही म्हणत नसत.

त्या रात्री डेलला गोठ्यातलं स्टूल दिसत राहिलं. सकाळी तो सरांच्या खोलीत गेला तेव्हा सर नव्हते. कार्डांचे गठ्ठे जिथल्या तिथे होते. रबरं मात्र टेबलभर पसरली होती, आणि फळीवरची ती निळ्या भांड्याची जागा रिकामी होती. तिथे धुळीचा एक गोल राहिला होता.

कॉफ्लिनबाई आपल्या दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत ते निळं भांडं, घासून लख्ख केलेलं. त्यात हाताएवढी एक झुकिनी आडवी टाकली होती. मानेत वाकडी, पाठीवर वण. डेलने तिला लगेच ओळखलं.

“आत्ताच देऊन गेला,” बाई म्हणाल्या. “भांड्याबद्दल एक शब्द बोलला नाही. जाताना म्हणाला, त्या पोराला सांगा, पुढच्या वर्षीची फी भर.”

त्यांनी भांडं उचलून बूड पाहिलं. जुन्या पट्टीवर त्यांचंच नाव होतं. “मी यातून त्याला बीन्स दिल्या होत्या. आम्ही दोघं इथे नवे होतो तेव्हा. मला वाटायचं, त्याला आवडल्या नाहीत म्हणून तो बोलायचा बंद झाला.”

डेल दाराच्या चौकटीला टेकला. त्याला आता कळायला लागलं होतं की अशा वेळी गप्प बसायचं असतं, देश आपोआप बोलायला लागतो.

“रबरं ठेवायचा मेला त्यात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून डोळ्यांच्या कडा पुसल्या. मग झुकिनीकडे नीट निरखून पाहिलं. “ही कुठून पैदा केली याने? याला तर बाग नाही.”

“कोणास ठाऊक,” डेल म्हणाला.

“किसून केक करता येईल.” बाई विचारात पडल्या. “पण मग तो त्याला द्यायचा कशातून?” त्यांनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं, उसासा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ते निळं भांडं केकसकट पुन्हा शेजारच्या खोलीत गेलं. डेल तिथे होता तोवर ते एकदाही रिकामं परत आलं नाही.